वाऱ्याचा हिशेब मांडणारे शिक्षक : पॉल ला कूर

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पात आस्कोव्ह नावाचे एक लहानसे खेडे आहे. १८९१ मध्ये तेथील शाळेच्या आवारात सरकारी अनुदानातून एक पवनचक्की उभी राहिली. डेन्मार्कच्या शेतकऱ्याला पवनचक्कीचे अप्रूप नव्हते. धान्य दळणाऱ्या चक्क्या त्याने पिढ्यानपिढ्या पाहिल्या होत्या. या चक्कीला मात्र जात्याऐवजी डायनामो जोडलेला होता. वाऱ्यापासून वीज निघते, एवढे दाखविण्यासाठी हा खटाटोप नव्हता. ते इतरत्र सिद्ध झालेले होते. चक्की उभारणारे भौतिकशास्त्राचे शिक्षक पॉल ला कूर यांना छळणारा प्रश्न पुढचा होता. वारा कधी सुटतो, कधी पडतो. दिवा मात्र रोज संध्याकाळी लागला पाहिजे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा?

पुढील वीस-तीस वर्षांचे ऊर्जानियोजन करणारे तज्ज्ञ आज शक्तिशाली संगणकांसमोर बसून याच प्रश्नाशी झगडत असतात. ला कूर यांच्या हाती संगणक नव्हता, वर्षानुवर्षांच्या तासागणिक नोंदी नव्हत्या, दूरच्या प्रदेशातून वीज आणणाऱ्या तारा नव्हत्या. तरीही त्यांनी प्रश्नाची मांडणी अचूक केली आणि तिच्यासाठी आयुष्याची अखेरची सतरा वर्षे वेचली.

त्यांच्याआधी दोघांनी वाऱ्यावर वीज निर्माण केली होती. १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील मेरीकर्क येथे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी आपल्या सुटीतल्या घरी दिवे लावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी आपल्या हवेलीच्या मागे १४४ पात्यांचे अवाढव्य चक्र उभारले आणि तळघरात बॅटऱ्यांच्या रांगा मांडल्या. दोन्ही प्रयोग यशस्वी झाले. पण ते एकेका घरापुरते होते. एका श्रीमंत घराला वीज पुरविणे वेगळे आणि गावाला भरवसा देणे वेगळे. ला कूर यांची नजर गावावर होती.

पॉल ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी एबेलटॉफ्टजवळच्या एका शेतावर झाला. कोपनहेगन विद्यापीठातून १८६९ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर ते हवामानशास्त्राकडे वळले. १८७२ मध्ये डेन्मार्कची राष्ट्रीय हवामान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या उपसंचालकपदी त्यांची नेमणूक झाली. वय अवघे सव्वीस. वाऱ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी घडली ती येथे, असे मला वाटते. खलाशाला वारा अनुकूल किंवा प्रतिकूल असतो, कवीला तो मंद किंवा उन्मत्त असतो. हवामान-निरीक्षकाला मात्र तो नोंदवहीतील आकडा असतो, रोज निराळा.

याच काळात त्यांना दुसराही एक नाद लागला. तारायंत्राच्या एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठविता यावेत, म्हणून त्यांनी निरनिराळ्या सुरांच्या नादकाट्यांचा उपयोग करून पाहिला. अमेरिकेत एलिशा ग्रे याच वाटेने चालले होते आणि शोधाच्या श्रेयावरून दोघांत वाद उद्भवला. त्यातूनच ला कूर यांनी ध्वनिचक्र घडविले. नादकाट्याच्या कंपनांच्या तालावर विद्युतचुंबकाने फिरणारे हे चक्र आपली गती तसूभरही ढळू देत नसे. पुढे पॅट्रिक डेलनी यांच्या बहुसंदेशी तारायंत्रात तेच तत्त्व वापरले गेले. जगातील सर्वांत स्थिर गतीच्या चक्रांपैकी एक ज्याने बनविले, त्याच माणसाने पुढे अत्यंत अस्थिर गतीच्या चक्राशी गाठ बांधावी, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. स्थिरता म्हणजे काय आणि ती यंत्राकडून कशी मिळवायची, याचा अभ्यास त्यांनी आधीच केलेला होता.

राजधानीतील मानाची जागा, कीर्ती, संशोधनाची साधने हे सारे असताना १८७८ मध्ये ते आस्कोव्हच्या लोकविद्यालयात शिकवावयास गेले. हा निर्णय समजण्यासाठी त्या विद्यालयाची कुळकथा ठाऊक हवी. ग्रुंटविग या विचारवंताच्या प्रेरणेने डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी परीक्षा नसलेली, निवासी लोकविद्यालये सुरू झाली. त्यांतील पहिले १८४४ मध्ये श्लेस्विग प्रांतातील रॉडिंग येथे निघाले. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कचा पराभव केला, श्लेस्विग गेले, आणि रॉडिंग एकाएकी सीमेपलीकडे पडले. तेव्हा शिक्षकांनी नव्या सीमेच्या अलीकडे, आस्कोव्ह येथे, १८६५ मध्ये पुन्हा शाळा मांडली. सीमारेषा सरकली म्हणजे शाळेचे, भाषेचे आणि माणसांचे काय होते, हे बेळगाव-निपाणीच्या वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही. हरलेल्या, आक्रसलेल्या त्या देशाने आपला उत्कर्ष उरलेल्या भूमीत आणि सामान्य माणसाच्या शिक्षणात शोधला. ला कूर त्या प्रवाहात सामील झाले.

आस्कोव्हला ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत, पण सूत्रे पाठ करवून नव्हे. एखादी कल्पना माणसाला कशी सुचली, कुठे अडली, कोणी सोडविली, अशा ऐतिहासिक क्रमाने ते विषय उलगडीत. गणित आणि भौतिकशास्त्र या दोहोंवरही त्यांनी या पद्धतीची पुस्तके लिहिली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याकोब आपेल त्यांचे सहलेखक होते.

१८८० च्या दशकात विजेचे दिवे युरोपच्या शहरांत उजळू लागले. वीजघरे कोळशावर चालत. डेन्मार्कमध्ये कोळसा नाही. तो परदेशातून येई आणि बंदरांच्या शहरांतच परवडे. त्यांतच त्या काळची वीज एकदिश प्रवाहाची. तिला फार दूर नेता येत नसे. परिणामी उजेड, यंत्रे, धंदे आणि त्यांच्यामागे तरुण माणसेही शहराकडे जाऊ लागली. ज्या मुलामुलींना आपण शिकवितो त्यांच्या गावी केवळ रॉकेलचा दिवा आणि अंगमेहनत उरणार, ही गोष्ट ला कूर यांच्या जिव्हारी लागली होती. खेड्याजवळ कोळसा नव्हता, धबधबे नव्हते. वारा मात्र उदंड होता. तेव्हा गावाने आपल्या वाऱ्यावर आपली वीज काढावी, हा त्यांचा ध्यास झाला. संसदेकडे त्यांनी अनुदान मागितले ते याच भूमिकेवरून.

चक्की फिरू लागली आणि वाऱ्याने आपले रंग दाखविले. वारा तीन तऱ्हांनी बदलतो. क्षणाक्षणाला झोत येतात आणि ओसरतात, हा पहिला प्रकार. काही तास किंवा काही दिवस तो पडून राहतो, हा दुसरा. आणि ऋतूप्रमाणे त्याचे मान कमी-अधिक होते, हा तिसरा. तिन्हींवर एकच औषध नसते. झोतांसाठी ला कूर यांनी क्रॅटोस्टॅट नावाची युक्ती काढली. चक्कीची शक्ती डायनामोकडे नेणाऱ्या साखळीत त्यांनी वजनांच्या साह्याने ताण ठरावीक राखला; वाऱ्याचा जोर वाढला तरी डायनामोवर येणारा भार त्या मर्यादेपलीकडे जात नसे. पुढे हीच कल्पना त्यांनी अधिक सोप्या, झुलत्या दांड्याच्या रचनेत उतरविली. ठरावीक ताणापुढे पट्टा घसरे आणि जास्तीचा जोर वाया जाऊ दिला जाई. थोडी शक्ती गमावून स्थैर्य विकत घेण्याचा हा सौदा होता आणि तो त्यांनी डोळे उघडे ठेवून केला.

खरा पेच दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे वारा पडण्याचा होता. वीज साठवायची कशात? बॅटऱ्या महाग होत्या. म्हणून ला कूर यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि प्राणवायू साठविण्याचा मार्ग धरला. पोंपेओ गारुती या इटालियन प्राध्यापकाची विघटनपद्धती त्यांनी वापरली. वारा असेल तेव्हा वायू टाकीत भरावा, नसेल तेव्हा जाळावा. १८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोव्हचे विद्यालय अशा हायड्रोजनच्या दिव्यांनी उजळत असे. वाऱ्यापासून मिळविलेल्या हायड्रोजनची आज परिषदांतून चर्चा चालते. ती ज्यांना नवी कल्पना वाटते त्यांनी हे साल ध्यानी ठेवावे. अर्थात संकटेही आली. हायड्रोजनमध्ये प्राणवायूचा अंश मिसळला की स्फोट होई. शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने त्यामुळे एकदा नव्हे, अनेकदा नव्याने बसवावी लागली.

दरम्यान त्यांनी चक्कीच्या पात्यांकडेही लक्ष दिले. १८९६ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी लहानशा वातबोगद्यात निरनिराळ्या आकाराच्या पात्यांवर वारा सोडून मोजमापे घेतली. राईट बंधूंचा प्रसिद्ध वातबोगदा याच्यानंतरचा. पात्यावर समोरून पडणाऱ्या दाबाइतकेच मागल्या बाजूस निर्माण होणारे चोषणही महत्त्वाचे असते, हे डेन्मार्कमध्ये इर्मिंगर आणि फोग्ट यांनी ओळखले होते. ला कूर यांचा त्यांच्याशी संपर्क होता. मोजमापांतून निष्पन्न झाले ते पारंपरिक समजुतीच्या उलट होते : पाती पुष्कळ असण्यापेक्षा थोडी, योग्य कोनात वळविलेली आणि वेगाने फिरणारी असावीत. १८९७ मध्ये आस्कोव्हला दुसरी, अधिक मोठी चक्की उभी राहिली आणि प्रयोगांचा वृत्तान्त १९०० व १९०३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

सरासरी वारा ही किती फसवी संख्या आहे, हे येथे थोडे गणित करून पाहू. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. समजा, एका गावी वारा सतत सेकंदाला ६ मीटर वेगाने वाहतो. सहाचा घन २१६. दुसऱ्या गावी अर्धा वेळ ३ मीटर आणि अर्धा वेळ ९ मीटर वाहतो. सरासरी तीच, ६. पण तीनचा घन २७ आणि नऊचा ७२९. त्यांची सरासरी ३७८ भरते. म्हणजे दुसऱ्या गावाच्या वाऱ्यात पावणेदोनपट शक्ती आहे, आणि त्यातील शेकडा ९६ भाग अर्ध्याच वेळात येतो. उरलेला अर्धा वेळ जवळपास अंधार. सरासरीवर विसंबणारा नियोजक पहिल्या चुकीत वीज कमी धरील आणि दुसऱ्या चुकीत ती नसलेल्या वेळी आहे असे समजेल.

ही दुसरी चूक आजही होते, म्हणून तिचा विस्तार करतो. देशाच्या किंवा राज्याच्या पुढील दोन-तीन दशकांच्या विजेचा आराखडा संगणकीय मॉडेलवर तयार होतो. वर्षाचे ८,७६० तास आणि त्यांना गुणिले पंचवीस-तीस वर्षे, अशा प्रत्येक तासाचे गणित करणे जड जाते. म्हणून वर्षाचे मोजके तुकडे पाडतात : उन्हाळा, हिवाळा, दिवस, रात्र, अशासारखे. प्रत्येक तुकड्यात वाऱ्याची सरासरी टाकली की कागदावर पवनचक्की एखाद्या लहानशा, पण शांतपणे अखंड चालणाऱ्या वीजघरासारखी दिसू लागते. वारा पडल्याचे तास सरासरीत विरघळून जातात. मग साठवणुकीची गरज दिसत नाही, राखीव केंद्रांची दिसत नाही, दूरच्या प्रदेशाशी जोडणाऱ्या तारांचीही दिसत नाही. आराखडा स्वस्त दिसतो, आणि त्याची खरी किंमत दहा वर्षांनी एखाद्या निवांत, वाराहीन संध्याकाळी कळते. म्हणून जाणते नियोजक तासांचा क्रम न मोडता काही प्रातिनिधिक दिवस किंवा आठवडे निवडतात, अनेक वर्षांचे हवामान तपासतात, आणि गरजेच्या क्षणी पवनशक्तीतले किती मेगावॉट खात्रीचे धरायचे हे वेगळे ठरवितात. पवनचक्क्यांची संख्या वाढत गेली की हा खात्रीचा वाटा प्रत्येक नव्या चक्कीमागे घटत जातो. कारण एका प्रदेशातील चक्क्या बहुधा एकाच वेळी थांबतात.

आपल्याकडे हे चित्र आणखी ठळक आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर किंवा देवासच्या टेकड्यांवर पाती जोमाने फिरतात ती पावसाळ्यात, जेव्हा शेतीपंपांची मागणी ओसरलेली असते. वर्षाची सरासरी ही गोष्ट सांगतच नाही. तीन तऱ्हांपैकी आपल्याला सर्वांत जड जाते ती ऋतूची, आणि बॅटरीने ऋतू पार करता येत नाही.

ला कूर यांनी हे गाव-पातळीवर सोडविले. १९०२ मध्ये आस्कोव्हची प्रयोगचक्की गावाचे वीजघर बनली. हायड्रोजनची जागा बॅटऱ्यांनी घेतली. काही तासांची शांतता बॅटरीने निभवावी आणि ती लांबली तर तेलावर चालणारे इंजिन सुरू करावे, अशी ही व्यवस्था होती. वारा मंदावल्यावर बॅटरीतील वीज उलटी डायनामोत शिरून ती वाया जाऊ नये, म्हणून आपोआप जोडणी तोडणारी किल्लीही त्यांनी बनविली. दिसायला किरकोळ, पण या किल्लीमुळे वीजघरावर रात्रंदिवस माणूस बसविण्याची गरज कमी झाली, आणि खेड्याला ते परवडू लागले. चक्की, साठवण आणि राखीव इंजिन हे तिन्ही एकाच हिशेबात धरलेले होते. चक्कीचा खर्च एका वहीत आणि वारा नसलेल्या रात्रींचा खर्च दुसऱ्या वहीत, असा कारभार त्यांनी केला नाही. आजच्या अनेक आराखड्यांपेक्षा हा प्रामाणिकपणा मला थोर वाटतो.

१९०३ मध्ये खेड्यांना वाऱ्यावरील विजेचा सल्ला देणारी संस्था त्यांनी स्थापन केली. १९०५ मध्ये तिचे ३५६ सभासद होते. याच सुमारास त्यांनी पवनविद्युतेला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. या विषयावरचे ते जगातील पहिलेच. गावोगावच्या वीजघरांना माणसे लागणार, हे ओळखून आस्कोव्हला ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग भरू लागले. शेतकऱ्यांची मुले तारा जोडायला, डायनामो दुरुस्त करायला, बॅटऱ्यांची निगा राखायला शिकून आपापल्या भागात परतत.

त्यांच्या योजनेला मर्यादा होत्या आणि त्या झाकण्याचे कारण नाही. एकेका गावाचे स्वतंत्र वीजघर म्हणजे एकेका गावाचा स्वतंत्र वारा. शेजारच्या प्रांतात वारा असला तरी त्याचा उपयोग नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या लांब तारांनी पुढे हे अंतर मिटविले, मोठी कोळसा-केंद्रे खेड्यांपर्यंत पोचली आणि एकदिश प्रवाहाची लहान वीजघरे हळूहळू मागे पडली. गंमत अशी की, ज्या तारांनी ला कूर यांची वीजघरे हरविली त्याच तारांनी पुढे वाऱ्याला आधार दिला. १९७० च्या दशकात डेन्मार्क समुद्रातळीच्या तारेने नॉर्वेच्या जलविद्युतेशी जोडला गेला. वारा असता वीज तिकडे जाते, तेथील धरणांतले पाणी राखले जाते, आणि वारा पडला की तीच परत येते. या शतकात डेन्मार्कच्या विजेचा निम्म्याहून अधिक हिस्सा वाऱ्यापासून येऊ शकला, त्यात या शेजाऱ्यांच्या धरणांचा वाटा मोठा आहे.

हे पाहावयास ला कूर नव्हते. २४ एप्रिल १९०८ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आस्कोव्ह येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र डॅन ला कूर पुढे, वडिलांनी जेथे उपसंचालक म्हणून काम केले होते त्याच हवामान संस्थेचे संचालक झाले.

मृत्यूनंतर सहा वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशी इंधन दुर्मीळ झाले. तेव्हा वाऱ्याची किंमत सगळ्यांनाच कळली. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजघरांकडे पवनचक्क्या होत्या, बहुतेक २० ते ३५ किलोवॉटच्या. एकूण क्षमता सुमारे ३ मेगावॉट. देशाच्या विजेचा शेकडा ३ इतका भाग त्या पुरवीत.

१९०४ मध्ये आस्कोव्हच्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा बसत असे. तो पुढे वीज कंपनीत अभियंता झाला आणि निवृत्तीचे वय जवळ आले असता पुन्हा वाऱ्याकडे वळला. १९५७ मध्ये त्याने गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॉटची चक्की उभारली. ती थेट प्रत्यावर्ती प्रवाहाच्या जाळ्याला वीज देई आणि वादळात पात्यांच्या टोकांवरील ब्रेक आपोआप लागून थांबे. दहा वर्षे ती चालली. तेल स्वस्त होते, म्हणून १९६७ मध्ये तिला विश्रांती देण्यात आली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या नासा या संस्थेला पवनशक्तीच्या मोजमापांची निकड भासली, तेव्हा तिच्या विनंतीवरून गेडसरची ती जुनी चक्की दुरुस्त करून पुन्हा फिरविण्यात आली.